विश्लेषण : प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘पूर्वपेशी’ प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बाळांना वाचवतील? जळगाव-धुळ्यासाठी त्याचा अर्थ काय?

प्रतिकारशक्तीच्या पेशींची अर्धवट घडलेली ‘रोपे’ प्रयोगशाळेत सात दिवसांत तयार करायची आणि ती आजारी बाळाच्या शरीरात सोडायची, हा उपचार आता मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला आहे. मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी बाळाचा आजार वेळेत ओळखला जायला हवा आणि नेमके तिथेच घोडे अडते. हा उपचार काय आहे, तो कुठवर आला आहे आणि खान्देशातील पालकांनी व डॉक्टरांनी आजच काय करता येईल, याचा वेध.

आजार नेमका कोणता?

वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, औषध लावूनही तोंडातून न जाणारी पांढरी बुरशी आणि वाढायचे नाव न घेणारे वजन. अशी तान्ही बाळे जळगाव किंवा धुळ्याच्या कोणत्याही बालरोग विभागात दिसतात. त्यातील बहुतेकांच्या मुळाशी कुपोषण, अस्वच्छ पाणी किंवा साधा संसर्ग असतो. पण एखाद्या बाळात कारण वेगळे असते. त्याच्या शरीरात जंतूंशी लढणारी फौज जन्मतःच तयार झालेली नसते.

या आजाराचे नाव सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजेच ‘स्किड’. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांचे सुमारे ५०० प्रकार आज माहीत आहेत. त्यातील सर्वांत तीव्र आजारांमध्ये स्किड मोडतो. एखाद्या जनुकातील बिघाडामुळे ‘टी पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशी तयारच होत नाहीत. टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या सेनापती. त्या नसल्या की प्रतिपिंडे बनवणाऱ्या ‘बी पेशी’ असूनही कामाच्या उरत नाहीत. उपचार न मिळाल्यास अशी बाळे साधारणपणे पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावतात.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. या आजाराचा एचआयव्ही किंवा एड्सशी संबंध नाही. तो संसर्गाने होत नाही आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. तो जनुकीय आहे आणि त्यात आईचा किंवा वडिलांचा काही दोष नसतो.

आजवरचा उपचार कोणता आणि तो कुठे अडतो?

मुख्य उपचार म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेतील किंवा रक्तातील मूळपेशी बाळाला दिल्या की त्यातून नवी प्रतिकारशक्ती उभी राहते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांच्या पथकाने १९६८ मध्ये स्किड असलेल्या बाळावर असे यशस्वी प्रत्यारोपण केले. त्यानंतरही योग्य दाता न मिळालेल्या मुलांचे हाल संपले नाहीत. टेक्सासमधील डेव्हिड व्हेटर हा १९७१ मध्ये जन्मलेला मुलगा जंतुविरहित प्लास्टिकच्या कक्षातच वाढला. बहिणीची अस्थिमज्जा दिल्यानंतर तिच्यातील एका सुप्त विषाणूमुळे १९८४ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

सख्ख्या भावा-बहिणीच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आज बहुतेक कुटुंबांत एक किंवा दोनच मुले असल्याने घरात असा दाता मिळणे आणखी अवघड. मग आई किंवा वडील यांच्या ‘अर्ध्या जुळणाऱ्या’ पेशी वापरतात. या पद्धतीत दात्याच्या तयार टी पेशी आधी काढून टाकाव्या लागतात किंवा औषधांनी निष्प्रभ कराव्या लागतात. तसे केले नाही तर त्या बाळाच्याच शरीरावर हल्ला चढवतात.

म्हणजे प्रत्यारोपण झाले तरी बाळ लगेच सुरक्षित होत नाही. नव्या मूळपेशींनी बस्तान बसवायचे, त्यातून पूर्वपेशी निघायच्या, त्या योग्य जागी पोहोचून टी पेशी व्हायच्या, यात कित्येक महिने जातात. या मधल्या काळात साधा सर्दीचा विषाणूही जीवघेणा ठरू शकतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पूर्वपेशींचा उपयोग नेमका हाच काळ कमी करण्यासाठी करायचा आहे.

‘पूर्वपेशी’ म्हणजे काय?

टी पेशींचा जन्म अस्थिमज्जेत होतो, पण शिक्षण ‘थायमस’ नावाच्या ग्रंथीत. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर असलेली ही ग्रंथी बाळपणी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. तिचे काम काय, हे वैद्यकशास्त्राला १९६१ पर्यंत ठाऊक नव्हते. जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा ते उंदीर संसर्गाला बळी पडू लागले. त्यातून या ग्रंथीचे महत्त्व समोर आले.

थायमसमध्ये पेशींची परीक्षा होते. शरीराच्या स्वतःच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या टी पेशी तिथेच नष्ट केल्या जातात आणि आपले-परके ओळखणाऱ्याच बाहेर पडतात. अस्थिमज्जेतून निघालेली, ‘टी पेशी व्हायचे’ हे ठरलेली, पण ही परीक्षा अद्याप न दिलेली पेशी म्हणजे पूर्वपेशी.

खान्देशातील केळी उत्पादकाला हे समजावून सांगणे सोपे आहे. जळगावात जैन इरिगेशनसारख्या प्रयोगशाळांत टिश्यू कल्चरची केळीची रोपे बाटलीत तयार होतात. पण बाटलीतले रोप थेट शेतात लावत नाहीत. आधी हरितगृहात आणि मग शेडनेटमध्ये त्याचे हार्डनिंग होते. ऊन-वाऱ्याची सवय झाल्यावरच ते रावेर-यावलच्या मळ्यात जाते. पूर्वपेशींचेही तसेच. प्रयोगशाळेत फक्त ‘रोप’ तयार करायचे. हार्डनिंगचे काम बाळाच्या स्वतःच्या थायमसवर सोपवायचे. परक्या दात्याकडून आलेली पेशी बाळाच्या थायमसमध्येच शिकते, त्यामुळे ती बाळाच्या शरीराला ‘आपले’ मानायला शिकेल, अशी यामागची अपेक्षा आहे.

या पेशी प्रयोगशाळेत कशा वाढवतात?

मूळपेशीला ‘तू टी पेशी हो’ हा आदेश देणारी यंत्रणा ‘नॉच’ या नावाने ओळखली जाते. हे नाव आले फळमाशीवरून. सुमारे शंभर वर्षांपूर्वी, पंखांच्या कडेला खाच असलेल्या माश्यांचा अभ्यास करताना या जनुकाचा शोध लागला. इंग्रजीत खाचेला ‘नॉच’ म्हणतात. माशीच्या पंखाचा आकार ठरवणारा हाच संदेशमार्ग माणसाच्या रक्तपेशींचेही भवितव्य ठरवतो, हे कळायला मात्र पुढची अनेक दशके जावी लागली.

थायमसमधील पेशींच्या पृष्ठभागावर ‘डेल्टा’ गटातील प्रथिने असतात. मूळपेशी त्यांना चिकटली की तिच्यातील नॉच यंत्रणा सुरू होते. कॅनडातील टोरांटो येथील हुआन कार्लोस सुनिगा-फ्लुकर आणि त्यांचे सहकारी थॉमस श्मिट यांनी २००२ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या आधारपेशींवर त्यांनी डेल्टा प्रथिन बसवले आणि त्यावर मूळपेशी वाढवल्या. थायमस नसतानाही त्यातून टी पेशींची घडण सुरू झाली. तोवर हे काम प्रयोगशाळेच्या साध्या भांड्यात होणे अशक्यप्राय मानले जात होते.

मात्र उंदराच्या पेशींवर वाढवलेला माल माणसाला देण्यात धोके आहेत. म्हणून पुढची पायरी होती आधारपेशींशिवाय, नुसत्या शुद्ध प्रथिनाचा लेप दिलेल्या भांड्यात पूर्वपेशी वाढवण्याची. पॅरिसमधील इमॅजिन इन्स्टिट्यूटमध्ये इझाबेल आंद्रे आणि मरीना काव्हाझाना यांच्या गटाने हे साधले. दात्याच्या मूळपेशी डेल्टा प्रथिन आणि वाढीच्या घटकांसह सात दिवस ठेवल्या की त्यातील मोठा भाग टी पूर्वपेशींत रूपांतरित होतो. या पेशी प्रत्यारोपणाबरोबरच रुग्णाला द्यायच्या, अशी योजना आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील गे क्रुक्स यांच्या पथकाने २०१७ मध्ये आणखी एक वाट दाखवली. त्यांनी थायमससारखे काम करणारे पेशींचे छोटे गोळे तयार केले. त्यात मूळपेशींपासून थेट प्रौढ टी पेशींपर्यंतचा प्रवास भांड्यातच पूर्ण होतो. एखाद्या बाळाचा दोष मूळपेशीत आहे की थायमसमध्ये, हे तपासण्यासाठीही या पद्धतीचा उपयोग होतो.

मग हा उपचार केव्हा मिळणार?

उंदरांवरील प्रयोगांत पूर्वपेशी दिल्यावर टी पेशी लवकर दिसू लागल्या. पॅरिसच्या गटाने स्किड असलेल्या मुलांमध्ये पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातील चाचणी हाती घेतली. रक्ताच्या कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांतही अशा पेशी देऊन पाहिल्या जात आहेत. पहिल्या-दुसऱ्या टप्प्याचा अर्थ असा की, उपचार सुरक्षित आहे का आणि काही परिणाम दिसतो का, एवढेच मोजक्या रुग्णांमध्ये तपासले जाते. हा अजून रुग्णालयात सर्रास मिळणारा उपचार नाही आणि तो प्रत्यारोपणाची जागा घेणाराही नाही. तो प्रत्यारोपणाला जोड देणारा आहे.

घाई न करण्याला इतिहासही कारण आहे. २००० च्या सुमारास पॅरिस आणि लंडनमध्ये स्किडच्या एका प्रकारावर जनुकीय उपचार झाले. त्यांना चांगले यश मिळाले, पण २० पैकी ५ मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. जनुक पोहोचवणारा विषाणू पेशीतील चुकीच्या ठिकाणी जाऊन बसला होता. त्यानंतर या विषाणूंची रचना बदलण्यात आली आणि नव्या पिढीचे जनुकीय उपचार अधिक सुरक्षित झाले. पण पेशी शरीराबाहेर हाताळून परत देताना वर्षानुवर्षे पाठपुरावा का हवा, हा धडा त्यातून कायमचा मिळाला.

या उपचाराची आणखी एक मर्यादा आहे. ज्या बाळाला थायमसच नाही, त्याला पूर्वपेशी देऊन उपयोग नाही. रोपे आहेत, पण शेडनेटच नाही, अशी ती अवस्था. अशा बाळांसाठी थायमसच्या ऊतींचे रोपण करण्याच्या उपचाराला अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

महाराष्ट्रात अशी क्षमता आहे का?

पूर्वपेशींची चाचणी इथे घेतली जात नसली तरी टी पेशी शरीराबाहेर हाताळण्याचे तंत्र महाराष्ट्रात आहे. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल सेंटर आणि आयआयटीतूनच उभी राहिलेली इम्युनोॲक्ट कंपनी यांनी ‘नेक्सकार१९’ हा कार-टी उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यात जनुकीय बदल करून, त्या वाढवून परत दिल्या जातात. आजार वेगळा आहे, रक्ताच्या कर्करोगाचे काही प्रकार. पण जंतुविरहित कक्षात जिवंत पेशींचे औषध बनवणे, त्याची गुणवत्ता तपासणे आणि ते रुग्णापर्यंत पोहोचवणे ही साखळी मुंबईत उभी राहिली, हे महत्त्वाचे. परदेशातील कार-टी उपचारांच्या तुलनेत त्याची किंमतही बरीच कमी आहे.

निदानाच्या बाजूनेही मुंबई देशात पुढे आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील ‘आयसीएमआर-राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तविज्ञान संस्था’ प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांच्या चाचण्या आणि संशोधन करते. तिथून जवळच असलेल्या वाडिया बालरुग्णालयातही या मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

देशातील अशा बाळांचे प्रत्यक्षात काय होते?

चंडीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने देशभरातील संस्थांनी एकत्र येऊन स्किडच्या २७७ बाळांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. साधारण अडीच महिन्यांच्या वयात लक्षणे सुरू झाली, पण निदान झाले ते साधारण पाचव्या महिन्यात. २७७ पैकी केवळ २३ बाळांना प्रत्यारोपण मिळाले. त्यातील ११ मुले चांगली होती. एकूण २१० बाळांचा मृत्यू झाला.

आता याशेजारी अमेरिकेतील २०१४ चा एक अभ्यास ठेवू. साडेतीन महिन्यांच्या आत ज्या बाळांचे प्रत्यारोपण झाले, त्यातील ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्याहून मोठ्या, पण तोवर संसर्ग न झालेल्या बाळांत हे प्रमाण ९० टक्के होते. प्रत्यारोपणाच्या वेळी संसर्ग चालू असलेल्या बाळांत मात्र ते ५० टक्क्यांवर आले. आजार तोच, उपचारही तोच. फरक पडला तो बाळ किती लवकर आणि किती निरोगी अवस्थेत डॉक्टरांच्या हाती आले, यामुळे.

म्हणूनच पूर्वपेशींचा उपचार उद्या भारतात आला तरी भारतातील मृत्यूंचे आकडे आपोआप बदलणार नाहीत. निदान होण्याआधीच दगावलेल्या किंवा न्यूमोनियाने फुप्फुसे निकामी झालेल्या बाळाला प्रयोगशाळेतील कोणतीही पेशी वाचवू शकत नाही.

जळगाव-धुळ्यात अशी किती बाळे असतील?

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२.३ लाख आणि धुळ्याची २०.५ लाख होती. जन्मदर हजारी १५-१६ धरला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला १ लाखाच्या आसपास बाळे जन्मतात. अमेरिकेत नवजात तपासणीतून स्किडचे प्रमाण ५८ हजारांत एक असे आढळले. तेच प्रमाण लावले तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला एक-दोन बाळे. आते-मामे भावंडांत लग्ने होतात तिथे जनुकीय दोषाच्या दोन्ही प्रती बाळात एकत्र येण्याची शक्यता वाढते आणि हे प्रमाणही वाढू शकते. हा आकडा अर्थातच अंदाज आहे. प्रत्यक्ष मोजणी तपासणीशिवाय होणार नाही.

वर्षाला एक-दोन बाळांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत कुपोषण आणि रक्तक्षय यांची लढाई अजून संपलेली नाही. पण इथे सुचवले जात आहे ते नवे रुग्णालय नव्हे. जी तपासणी आजही रोज होते, तिच्यातील एक आकडा नीट वाचणे, एवढीच पहिली पायरी आहे.

तो आकडा कोणता?

सीबीसीच्या अहवालातील लिम्फोसाइटचा. ही तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. टी पेशी लिम्फोसाइटमध्येच मोजल्या जातात आणि तान्ह्या बाळाच्या पांढऱ्या पेशींत एरवी लिम्फोसाइटच जास्त असतात. त्यामुळे टी पेशी नसतील तर हा आकडा घसरतो.

अडचण अशी की, अनेक अहवालांवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा प्रौढांची असते. समजा चार महिन्यांच्या बाळाच्या अहवालात एकूण पांढऱ्या पेशी ७,००० आणि लिम्फोसाइट २२ टक्के आहेत. प्रौढांच्या मोजपट्टीवर, म्हणजे ४,००० ते ११,००० आणि २० ते ४० टक्के, हे दोन्ही आकडे बसतात. अहवालावर लाल खूण येत नाही. पण ७,००० चे २२ टक्के म्हणजे १,५४० लिम्फोसाइट. तान्ह्या बाळात हा आकडा ३,००० च्या खाली असेल तर तज्ज्ञ तो धोक्याचा इशारा मानतात.

एका अहवालावरून निष्कर्ष काढायचा नाही. तीव्र आजारपणातही हा आकडा तात्पुरता घसरतो, त्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागते. उलट, आईकडून आलेल्या पेशींमुळे काही स्किडग्रस्त बाळांत तो ठीकही दिसू शकतो. छातीच्या एक्स-रेतूनही दुजोरा मिळतो. निरोगी तान्ह्या बाळात हृदयाच्या वर थायमसची सावली दिसते, स्किडमध्ये ती सहसा दिसत नाही. संशय बळावला तर पुढची चाचणी म्हणजे फ्लो सायटोमेट्री. त्यासाठी दोन-तीन मिली रक्ताचा नमुना एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचला तरी चालतो. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठता येते. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्ग आहे. त्यामुळे संशय आला तर अंतराची अडचण मोठी नाही.

पालकांनी कोणत्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात?

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे घरातील इतिहास. आधीचे बाळ वर्षाच्या आत संसर्गाने गेले आहे का? आईचे भाऊ तान्हेपणीच दगावले का? स्किडचा एक प्रमुख प्रकार आईकडून मुलग्यांत येतो, त्यामुळे आजोळचा इतिहास महत्त्वाचा. संस्थेत प्रसूती झाल्यावर आशा सेविका पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी भेट देतात. अहिराणीत, लेवा बोलीत किंवा पावरीत हे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटे पुरतात. ‘आधीचे बाळ निमोनियाने गेले’ एवढे एक उत्तर पुढच्या बाळाचा जीव वाचवू शकते.

अशा कुटुंबात पुढचे बाळ जन्मले तर डॉक्टरांना प्रसूतीपूर्वीच सांगावे. कारण जन्मताच दिली जाणारी बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे. सर्वसाधारण बाळासाठी ती सुरक्षित आणि आवश्यक आहे. पण स्किड असलेल्या बाळाच्या शरीरात लसीतील जंतूच पसरू शकतात. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ आणि रोटाव्हायरस या लसींबाबतही हीच काळजी लागते. म्हणून घरात असा इतिहास असेल तरच, आणि तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने, तपासणी होईपर्यंत या लसी थांबवतात. इतर कोणीही लस टाळू नये. उलट, आजूबाजूच्या मुलांचे लसीकरण पूर्ण असले तर अशा बाळालाही आडोसा मिळतो. बीसीजीनंतर काखेत छोटी गाठ येणे अनेक निरोगी बाळांतही घडते. तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

संशयित बाळाला रक्त चढवायचे असेल तर ते विकिरण दिलेले असावे लागते. साध्या रक्तातील दात्याच्या टी पेशी या बाळावर जीवघेणा हल्ला करू शकतात. शिवाय रक्त ‘सीएमव्ही’ विषाणूपासून मुक्त असावे लागते. केळीवर हरण्या रोग आणणाऱ्या विषाणूलाही सीएमव्हीच म्हणतात, पण तो वेगळा. हा माणसांतला विषाणू निरोगी व्यक्तीला सहसा त्रास देत नाही, स्किडच्या बाळाला मात्र तो झेपत नाही.

खर्चाचे काय?

प्रत्यारोपणाचा खर्च लाखांच्या घरात जातो. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये स्किडचा समावेश एकदाच उपचार करून बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारांच्या पहिल्या गटात आहे. या धोरणाखाली नियुक्त केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय असे एक केंद्र आहे. या मदतीसाठी रुग्णाची नोंद अशा केंद्रातच व्हावी लागते. जिल्ह्यातील डॉक्टरांनी बाळाला तिकडे पाठवले नाही, तर धोरण कागदावरच राहते.

साहाय्यात न दिसणारा खर्च वेगळा. प्रत्यारोपणानंतर साधारण शंभर दिवस कुटुंबाला केंद्राजवळ राहावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या किंवा खरिपाची पेरणी तोंडावर आलेल्या घराला मुंबईतील तीन महिने परवडत नाहीत. उपचार अर्धवट सुटण्याचे हे मोठे कारण ठरू शकते, आणि राज्याच्या योजनांनी निवास व प्रवासाचा विचार इथेच करायला हवा.

फसवणुकीपासून सावध कसे राहावे?

‘स्टेम सेल’ या शब्दाभोवती मोठा बाजार आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्त व प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा इतर कोणताही वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागितले जात असतील, तर तिथेच शंका घ्यावी.

प्रसूतीच्या वेळी नाळेतील रक्त खासगी बँकेत जपून ठेवण्याचा आग्रहही होतो. स्किडच्या बाबतीत बाळाच्या स्वतःच्या नाळेतील रक्ताचा प्रत्यारोपणासाठी उपयोग नाही, कारण जनुकीय दोष त्या पेशींतही असतो. खासगी बँकेत स्वतःसाठी असे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, अशी आयसीएमआरची भूमिका आहे.

पुढे काय?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाची स्किडसाठी तपासणी सुरू केली. २०१८ च्या अखेरीस सर्व ५० राज्यांत ती होऊ लागली. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर सुकवून ही चाचणी होते. थायमसमध्ये टी पेशी घडताना उरणारे डीएनएचे छोटे तुकडे त्यात मोजतात. भारतात अशी देशव्यापी तपासणी नाही. ती एकाच वेळी सगळीकडे सुरू करणे खर्चाचे आहे, हेही खरे.

पण त्याआधीच्या पायऱ्या जिल्ह्याच्या हातात आहेत. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी बालरोग व विकृतिशास्त्र विभाग आहेत. तान्ह्या बाळांच्या सीबीसी अहवालावर वयानुसार मर्यादा छापणे, लिम्फोसाइट ३,००० च्या खाली असल्यास आपोआप खूण येईल अशी सोय करणे, आशांच्या भेटीच्या नोंदीत आधीच्या बाळाच्या मृत्यूचा प्रश्न घालणे आणि संशयित बाळाचा नमुना मुंबईला पाठवण्याची ठरलेली पद्धत आखणे, या चार गोष्टींना पॅरिसच्या चाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

पूर्वपेशींचे संशोधन यशस्वी झाले तर घरात जुळणारा दाता नसलेल्या बाळांसाठी ते मोठा आधार ठरेल. त्या दिवशी जळगाव किंवा धुळ्याचे बाळ त्या रांगेत उभे असेल की नाही, हे मात्र त्याच्या पहिल्या सीबीसीतील लिम्फोसाइटचा आकडा कोणी वाचला का, यावर ठरेल.